सूर्यास्त आपल्या सोयीने

बुलढाणा जिल्ह्यात सूर्यास्ताचे विकेंद्रीकरण यशस्वी झाल्याबद्दल समस्त मोबाईलधारकांचे हार्दिक अभिनंदन. पूर्वी लोणारला सूर्य फक्त पश्चिमेला आणि तोही संध्याकाळीच मावळत असे. लांबून आलेल्या पाहुण्यांची केवढी गैरसोय! आता सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या तिथल्या विवराच्या हव्या त्या काठावर, जेवणाआधीच सूर्य बुडवता येतो. ॲपमध्ये फोटोतले आकाश बदलायचे, केशरी रंगाची पट्टी उजवीकडे ओढायची, झाले. बाभळीची सावली भर दुपारची म्हणून बुंध्यालाच चिकटून राहते आणि चरणारी पांढरी शेळी भगवी होते. पण एवढ्या-तेवढ्यावर कोणी अडून बसू नये.

शासनानेही ही सोय स्वीकारावी. करपलेल्या सोयाबीनच्या पंचनाम्यातल्या फोटोवर थोडा सोनेरी रंग चढवला, की नुकसान उरत नाही, नजारा उरतो. मग भरपाईऐवजी लाइक पाठवले तरी चालतील.

या प्रगतीला एकच गालबोट लागले. जून २०२० मध्ये लोणारच्या विवरातल्या तळ्याचे पाणी खरोखरच गुलाबी झाले. ना ॲप, ना फिल्टर. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव याचे कर्ते निघाले. हा सरळसरळ आमच्या अधिकारक्षेत्रात हस्तक्षेप आहे.

तरी तळ्यास नम्र विनंती, यापुढे रंग बदलण्यापूर्वी आगाऊ कळवावे. तुलनेसाठी मूळ रंगातला फोटो लागेल आणि तो आमच्यापैकी कोणाकडेच शिल्लक नाही.