खोल श्वास घ्या, पण बेगम बाजारात नको

कंपनीत 'वेलनेस' आल्यापासून आजारी पडायची सोय राहिलेली नाही. पूर्वी ताप आला की साहेबांना फोन करायचा, आवाज जरा जास्तच घोगरा काढायचा आणि पांघरूण ओढायचं. आता आधी ॲपला सांगायचं, 'आजचा मूड कसा?' समोर पाच पिवळे चेहरे. अंगात ताप असलेला चेहरा त्यांत नाही.

मी राहतो हैदराबादच्या बेगम बाजारात, मिरचीच्या ठोक दुकानाच्या डोक्यावर. निजाम अली खानांच्या हमदा बेगमेनं ही जागा व्यापाऱ्यांना दिली म्हणतात. तेव्हापासून इथं कुणी निवांत श्वास घेतला असेल असं वाटत नाही. आमचा ऑनलाइन प्राणायाम नेमका खाली पोती झटकायच्या वेळेला. बेंगळुरूच्या मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा, आसपासची ऊर्जा आत ओढा." ओढली. गुंटूरची होती. माइक चालूच राहिला होता. माझ्या शिंकांनी तीन राज्यांतल्या लोकांची समाधी उतरली. मॅडम मात्र खूश. "छान, मनातलं साचलेलं बाहेर येतंय!"

मग रोज दहा हजार पावलांची स्पर्धा. हा आकडा कुणा वैद्याचा नव्हे. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. आमच्या गल्लीत हातगाड्या, पितळेचे हंडे आणि सुक्या मेव्याची पोती यांतून उचललेलं पाऊल परत टेकवायला जागा शोधावी लागते. खालच्या हमालाला सांगितलं, की चालण्याबद्दल कंपनी बक्षीस देते. पाठीवरचं पोतं न उतरवता तो म्हणाला, "खाली हात चलने के पैसे? हमकू बी लगा दो साब."

पुढे खरंच ताप आला. डॉक्टरांची चिठ्ठी चढवली, रजा मिळाली आणि लगेच निरोप आला: 'रजेतला ताण कसा टाळावा' या सत्राला हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू ठेवून. गोधडीतूनच ताण टाळला.

खाली दुकानात मुनीमजींनाही तोच ताप. शेठनी एकदा कपाळाला हात लावला, "घर जाओ" म्हणाले आणि दिवसाचा पगार कापला. ॲप नसल्यानं काम झटपट झालं.

तर वाचकहो, तेलंगणात लागू असलेल्या १९८८च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची वर्षाला १२ दिवस पगारी रजा आहे, मुनीमजींनाही. ती साठवता येत नाही. तेव्हा काय पडायचं ते वर्षाच्या आत पडून घ्या.