दोन कान, चालू स्थितीत

प्रति,
मुंबईतल्या समस्त खासगी एफएम वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख

विषय : दोन कान लिलावाने देणे आहेत.

सा. न. वि. वि.

मी डोंबिवलीचा. सकाळी जलद लोकलने सीएसएमटी, संध्याकाळी परत. या प्रवासात हात दांडीला असतात आणि पाय दुसऱ्याच्या पायावर. मोकळे राहतात ते फक्त कान. त्या कानांसाठी तुमच्यात केवढी चुरस लागली आहे हे मला ठाऊक आहे. नाहीतर ‘भारताची राजधानी कोणती?’ एवढ्यावर तुम्ही सिनेमाची दोन तिकिटं कशाला वाटली असती? सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ हा तुमचा सुगीचा काळ, दहा-दहा सेकंदांनी विकायचा. नेमका त्याच वेळी मी गाडीत लोंबकळत असतो. म्हणजे तुम्ही जाहिरातदाराला जे विकता ते गाणं नव्हे, माझा कान. मग मालकानं स्वतःच बाजारात उतरायला काय हरकत आहे?

लिलावाला आधार आहे. रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगून ठेवलंय. पुढे सरकारनं त्या लहरींचा लिलाव केला आणि तुमच्या थोरल्यांनी अशी काही बोली लावली की विचारू नका. त्यातच परवाना शुल्क दरवर्षी 15 टक्क्यांनी वाढायचं. धाप लागली तेव्हा 2005 मध्ये नवं धोरण आलं आणि उत्पन्नाच्या 4 टक्के द्या, असं ठरलं. लहरी माझ्या, पैसे सरकारचे, धंदा तुमचा. मला काय मिळालं? राजधानीचा प्रश्न.

आता मालाची माहिती. उजवा कान उत्तम. डावा गणपतीतल्या डीजेनं किंचित बधिर झालाय, पण तुमच्या निवेदकांच्या आवाजाची पट्टी पाहता त्यानं काही अडू नये.

फक्त एक खुलासा हवा. विकल्यावर हे कान तुमच्यापैकी नेमके कोणाचे, हे मला कसं कळावं? परवा एका वाहिनीवर ब्रेकअपचं गाणं लागलं म्हणून बटण दाबलं. दुसरीवर तेच गाणं, एक कडवं पुढे. तिसरीकडे बिल्डरची जाहिरात, चौथीकडे त्याच बिल्डरची. पुन्हा पहिलीवर आलो तर कोणा बिचाऱ्याला फोनवर बकरा बनवणं चाललं होतं. स्वतःच्या बातम्या द्यायची तुम्हाला परवानगी नाही, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात, हे मान्य. बोलायला राहतं काय, तर ट्रॅफिक, राशिभविष्य आणि बकरा. पण गाणी? ती तर मोकळी होती! ऐकतो ते असं की गाण्याचा मुखडा तेवढा काही सेकंद लोकांना ऐकवायचा, गुण घ्यायचे आणि पास झालेली गाणी दिवसभर दळायची. चुरस अशी की प्रत्येकानं दुसऱ्याच्या पेपरात डोकावून लिहिलं आणि वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं सारखी आली.

आणि तुमचे निकाल लावणारी ती डायरी! 2007 पासून मुंबईत श्रोते मोजायला निवडक लोकांना डायऱ्या दिल्या गेल्या. कधी काय ऐकलं ते त्यांनी आठवून लिहायचं. दर गाण्यामागे वाहिनीचं नाव आणि आकडा का ओरडून सांगता, हे मला तेव्हा उमगलं. गाणं नाही आठवलं तरी चालेल, नाव आठवलं पाहिजे. तेव्हापासून मी वाट पाहतोय. आमच्या सोसायटीत गॅसवाला, जनगणनावाला, मतदारयादीवाला, सगळे येऊन गेले. डायरीवाला काही आला नाही.

आता अटी.

कानाला मराठी चालते. ही बातमी वाटेल, पण देतो. ‘गुड मॉर्निंग मुंबईकर’ म्हटल्यावर पुढचे चार तास हिंदीच बोललं पाहिजे असा नियम मला कुठे आढळला नाही. तुमच्या विनोदी प्रसंगांतली कामवाली आणि हवालदार अस्खलित मराठी बोलतात, म्हणजे भाषा तुम्हाला येते. मराठी गाणं 27 फेब्रुवारी आणि 1 मे सोडून इतर दिवशीही वाजतं, यंत्र बिघडत नाही. (हिंदी गाण्यांवर माझा राग नाही. अमीन सायानींच्या आवाजावर वाढलेल्या घरातला आहे मी.)

दुसरी अट शांततेची. पूर्वी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की तुम्ही सगळे एकदम गप्प व्हायचात. नुसती खरखर. ती मिनिट-दीड मिनिट मला दिवसातला सर्वांत श्रवणीय कार्यक्रम वाटे. आता जलद गाड्या कळवा-मुंब्र्यावरून जातात, बोगदा मेल-एक्स्प्रेसला दिला. तेवढी खरखर रोज कोणत्याही एका वाहिनीनं प्रायोजित करावी. मध्ये वाहिनीचं नाव घेऊ नये.

बोली लवकर लावा, माल हातचा जातोय. तारेचा इअरफोन हाच फोनमधल्या रेडिओचा एरियल, आणि आमच्या डब्यातली पोरं बिनतारी बोंडं कानात घालून बसतात. फोनमधला एफएम बंद करू नका, असं कंपन्यांना 2023 मध्ये सरकारला सांगावं लागलं. तुम्ही मात्र अजून एकमेकांचेच श्रोते पळवताय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिनडायरीचा एक श्रोता

ता. क. – आईचे कान या लिलावात धरलेले नाहीत. ओट्याशेजारच्या ट्रान्झिस्टरचा काटा तिनं आकाशवाणीच्या अस्मिता वाहिनीवर आणून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली आहे. बटण फिरत नाही.