‘एकच झुरका’ यास खुले पत्र

एकच झुरका,
मुक्काम : चौकातला कुठलाही पानठेला, अमरावती ते अकोला.

तुला नमस्कार घालणार नाही. तू चोर आहेस आणि हे तुझं आरोपपत्र आहे.

अकोल्याच्या कापूस बाजारात हमाली करणाऱ्या माझ्या मामांनी बिडी सोडायची ठरवली. दवाखान्यात गेले, समुपदेशन झालं, निकोटीनचं च्युइंग गम आणलं. नऊ दिवस निघाले. दहाव्या दिवशी चहाच्या वेळी सोबत्याच्या तोंडून तू बोललास, “घ्या ना भाऊ, एकानं काय होते?” त्यानंतर मामा दवाखान्याकडे फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणाले, “आता कोन्या तोंडानं जाऊ बाप्पा? डॉक्टरीनबाई काय म्हनतीन?”

तुझी खरी चोरी ही. झुरका एकच देतोस आणि माणसाची पुढची तारीख पळवतोस.

तुला वेळ बरोबर कळते. धुरातलं निकोटीन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. बिडी सोडली की पहिले दोन-तीन दिवस तलफ सर्वांत जोरात असते; चिडचिड, तुटलेली झोप, जड डोकं दोन ते चार आठवडे पुरतं. हे आधी कुणी नीट सांगितलं नाही, तर माणसाला वाटतं औषधच बाधलं. मामांनी गम सुपारीसारखं भराभर चावलं, तेही चहावर. उचक्या लागल्या, मळमळलं. ते थोडं चावून गालात धरायचं असतं आणि चहा-कॉफीच्या लगेच पाठोपाठ घेतलं तर नीट शोषलं जात नाही. या एवढ्या माहितीच्या फटीतून तू घरात शिरलास.

तुझे साथीदारही आहेत. मेळघाटातल्या धारणीहून अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात यायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं. तुझा पानठेला मात्र दारात. अशा माणसाला ‘मनाचा कच्चा’ म्हणणारे नातेवाईक तुझंच काम करतात.

शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आम्हां वऱ्हाडकरांच्या हाती खराटा दिला. आज झाडलेलं अंगण उद्या पुन्हा मळतं, म्हणून कुणी खराटा फेकत नाही. बहुतेकांची बिडी पहिल्या खेपेला सुटत नाही. पुन्हा पुन्हा सोडूनच ती सुटते. घसरलेला माणूस उपचारात नापास झालेला नसतो. त्याला उपचाराची खरी गरज त्याच दिवशी असते. दवाखाना लांब असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन आहे, फोन फुकट लागतो.

मामांचं दवाखान्याचं कार्ड मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आहे, जिथे बिडीचं बंडल असायचं. सोमवारी मी त्यांच्यासोबत जातो आहे. मान खाली घालायची नाही, असं आमचं ठरलं आहे. डॉक्टरीणबाईंना सगळ्यांत आधी तुझंच नाव सांगणार आहोत.

तुझा वैरी,
एक भाचा