आधी चार तळहात

वर्ध्यात आर्वी नाक्याजवळच्या एका गॅरेजात परवा एक पोरगा आला. सेकंडहँड डिझेल स्विफ्ट घेऊन. "भाऊ, रिमॅप करून द्या न. समृद्धीवर पळाली पाह्यजे."

मिस्त्री काही बोलला नाही. खाली वाकला, पुढच्या टायरवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "बाबू, आधी हे पाह्य."

टायरच्या कडेवर चार आकडे होते: 1817. म्हणजे 2017 सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. खाच 1.6 मिलिमीटर उरली की ते वरच्या नक्षीच्या बरोबरीला येतात. इथे आले होते. इंजिनवर पैसे ओतायला निघालेला पोरगा संपलेल्या टायरवर गाडी चालवत होता.

वेगाची आवड वाईट नाही. मलाही ती आहे. म्हणूनच सांगतो, आपल्या पोरांचा खर्चाचा क्रम उलटा आहे.

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढ्या रबराचा. इंजिनची ताकद, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचा वळसा, सगळं त्या चार तळहातांतूनच रस्त्यावर उतरतं. ते गुळगुळीत असतील तर वाढवलेली ताकद जाणार कुठे?

रिमॅपने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, टर्बो डिझेलची पंधरा-वीस अश्वशक्ती वाढू शकते, हे खरं. पण टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत फरक जेमतेम पडतो. जुन्या क्लचला वाढलेला जोर झेपत नाही म्हणून तो घसरायला लागतो, हा खर्च वेगळाच. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल आडवा येतो.

आता हिशेब करू. समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जातो. तिथे कारला मर्यादा 120 ची, आणि तो वेग आजची साधी हॅचबॅकही गाठते. साठ किलोमीटर 120 ने तीस मिनिटांत होतात, 140 ने जवळपास सव्वीस मिनिटांत. कमाई चार मिनिटांची. धोका किती? 80 वरून 120 वर गेलं की ब्रेकला सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. 120 ला एक सेकंद मोबाइलकडे पाहिलं की 33 मीटर रस्ता न बघता मागे जातो. त्यात आपला मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. हवा तपासायची ती सकाळी, टायर गार असताना.

मग पैसे कुठे घालायचे? चांगले टायर. व्हील अलाइनमेंट. नवे ब्रेक पॅड. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग लवकर उकळतं. झिजले असतील तर नवे शॉकअब्सॉर्बर. डिकीतलं फुकटचं ओझं बाहेर. एवढं केलं की तीच गाडी नवी वाटते.

आणि शेवटचा सुटा भाग म्हणजे चालवणारा. तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात तो उघडा पडतो. वळणात शिरून ब्रेक मारणारा मागे राहतो. जाणता माणूस वळणाआधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करतो, नजर वळण जिथे संपतं त्या टोकाकडे ठेवतो आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा अ‍ॅक्सिलरेटर देतो. एबीएस असेल तर संकटात पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि स्टिअरिंगने वाट काढायची. किती जणांनी हे एकदा तरी करून पाहिलंय?

वेगच हवा असेल तर त्याची तयारी कशी असते ते पाहा. चाकणला बनणारी फोक्सवॅगन पोलो घरगुतीच गाडी होती. 2010 पासून तिच्यावर पोलो कपच्या शर्यती झाल्या. त्यासाठी नुसतं इंजिन नाही बदललं. आत सेफ्टी केज, कडक सस्पेन्शन, शर्यतीचे टायर, आणि धावायला बंदिस्त ट्रॅक. कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे; त्याच शहरातला कृष्णराज महाडिक 2018 साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीत उतरला. आपल्या पोरांना मोठा ट्रॅक गाठायचा तर चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा. म्हणून ती समृद्धीवर शिकतात, ट्रक आणि एसटीच्या मधून.

हे थांबवायला पावत्या फाडणं पुरणार नाही. माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी आरटीओने आपलं चाचणीचं मैदान उघडावं. शंकू मांडावेत, जमिनीवर पाणी मारावं, एक जाणता प्रशिक्षक उभा करावा. ताशी चाळीसच्या वेगात पोरांना ओल्या जमिनीवर करकचून ब्रेक मारू द्यावा, गाडी घसरताना सावरू द्यावी.

त्या पोराने चार टायर घेतले आणि रिमॅप पुढे ढकलला. टायर बसवून झाल्यावर त्याने मिस्त्रीला विचारलं, "काका, ब्रेक मारायचं कोन शिकवते इथं?"

मिस्त्रीकडे उत्तर नव्हतं. ते आरटीओने द्यावं.