संशयाचा फायदा सशिणीला

बाईला दिवस गेलेत की नाहीत हे सांगण्याचं काम एके काळी सशिणीकडे होतं. 1931 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या मॉरिस फ्रीडमन आणि मॅक्सवेल लॅपहॅम यांनी ही चाचणी मांडली. बाईच्या लघवीचा अंश सशिणीच्या कानाच्या शिरेत टोचायचा, दोनेक दिवस थांबायचं, मग सशिणीचं पोट उघडून बीजांडकोशात फरक पडला का ते बघायचं. त्यावरून ससा मेला म्हणजे गोड बातमी असा समज पसरला. खरं तर बातमी गोड असो वा नसो, सशीण दोन्हीकडून मरायची. आज नागपुरात सीताबर्डीवरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात बाईसाठी तपासणीची पट्टी मिळते. सशिणीला मात्र ती कुचकामाची, कारण ज्या संप्रेरकावर ती पट्टी चालते ते तिच्या अंगात तयारच होत नाही. जगभरच्या बायकांच्या बातम्या जिनं जीव देऊन कळवल्या, तिच्या स्वतःच्या बातमीची घरगुती सोय कुणी केलेली नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ मिरवणाऱ्या या शहरात म्हणूनच एक अर्ज दाखल करावासा वाटतो: संशयाचा फायदा सशिणीला मिळावा. ती गाभण आहे असं धरून चालावं. फक्त धरून चालताना तिला धरू नये.

हा संशय इतका चिवट का, याचं उत्तर फ्रीडमननं सशीणच का निवडली यात आहे. सशिणीचं बीज महिन्याच्या महिन्याला आपोआप सुटत नाही; नर भेटला की त्यानंतर दहाएक तासांनी सुटतं. नराचं तोंडही न पाहिलेल्या सशिणीचं बीज सुटलं, तर ते टोचलेल्या अंशामुळेच, असा त्याचा हिशेब. पण हीच यंत्रणा घरात गोंधळ घालते. दुसऱ्या मादीनं अंगावर चढून दांडगाई केली तरी बीज सुटू शकतं, आणि मग पोटात काहीही नसताना शरीर पुढचे सोळा-अठरा दिवस गर्भारपणाचं नाटक साग्रसंगीत वठवतं. अखेरीस सशीण तोंडात गवताचा झुबका धरून कोपरे धुंडाळते, गळ्याखालचे आणि पोटावरचे केस उपटते, जवळ गेलं की गुरगुरते, पुढच्या पायांनी फटके मारते. खरी गाभण सशीणही हेच सगळं करते, फक्त तिचे दिवस 31 च्या आसपास भरतात. म्हणजे सतराव्या दिवशी केस उपटले तर बहुधा खोटं, तिसाव्या दिवशी उपटले तर बहुधा खरं. गणित सोपं आहे. फक्त ते मांडायला लागणारी पहिली तारीख कुणाकडे नसते. सशांचं मीलन काही सेकंदांत आटोपतं. घरातल्या माणसानं फोडणीत मोहरी टाकून मागे वळावं, तोवर नर कुशीवर पडून मोकळा झालेला असतो.

यावर पहिला आक्षेप शहाण्या माणसाचा: तर्क कशाला लढवता, डॉक्टरला दाखवा. रास्त आहे. 1958 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, पशु व मत्स्य विज्ञानाचं अख्खं विद्यापीठ या शहरात आहे. तज्ज्ञ मिळत नाहीत ही सबब नागपूरकराला शोभत नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास जाणत्या हाताला पोटात द्राक्षाएवढ्या गाठी लागतात, पुढे सोनोग्राफीही करता येते. जावं, पण एकदाच, भल्या सकाळी, अंधाऱ्या पेटीत गवत घालून. मात्र डॉक्टरांनी केलेलं पाहून घरी रोज पोट चाचपणाऱ्यांना रोखायला हवं. त्याच पोटात लेंड्यांचीही रांग असते, आणि हौशी बोटांना लेंडी आणि लेकरू यांतला भेद कळत नाही. दाबून पाहण्यानं इजा तेवढी होऊ शकते. शिवाय उचलताना सशिणीनं लाथ झाडली तर तिचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. शेजारपाजाऱ्यांना ‘हात लावून पाहा ना जी’ असा आग्रह करणं या दिवसांत बंद ठेवावं.

दुसरा आक्षेप माजघरातून येतो आणि तो जास्त बळकट असतो. गर्भारपण म्हणजे खाऊ घालणं, ही आपली हजारो डोहाळजेवणांनी सिद्ध केलेली श्रद्धा. ‘दोन जिवांची आहे बाप्पा, काहून उपाशी ठेवून राहिले?’ या प्रश्नाला उत्तर देणं अवघड, कारण सशीण दोन नव्हे, सहा-आठ जिवांची असू शकते. तरीही डिंकाचा लाडू, पोळीचा तुकडा, बिस्किट आणि चित्रांनी बदनाम केलेलं गाजर यांपासून तिला वाचवलं पाहिजे. तिच्या आतड्यांचा सगळा कारभार चिवट, कोरड्या गवतावर चालतो. त्यात या दिवसांत लसूणघास वाढवावं, म्हणजे कॅल्शियम आणि प्रथिनं मिळतात. मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर, द्यावा. जो काही बदल करायचा तो हळूहळू. लाडानं जाडजूड झालेल्या सशिणीला शेवटच्या आठवड्यात एक घातक विकार गाठू शकतो. ती खाणं सोडते, अंगातली चरबी भराभर वापरली जाते आणि रक्तात विषार साठतो. म्हणून सशिणीनं अर्धा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर त्याला डोहाळे समजून कौतुक करू नये, तडक दवाखाना गाठावा. आजीबाईंची खाऊ घालण्याची हौस पाण्यावर वळवता आली तर सगळ्यांचंच भलं होईल. ताजं पाणी भरून ठेवणं हे त्या घरातलं खरं डोहाळजेवण, आणि त्यात ओटी कुणी कितीही वेळा भरली तरी चालते.

इथवरचं सगळं पुण्यातही लागू पडलं असतं. नागपूरचा प्रश्न उन्हाचा आहे. सशाला घाम येत नाही; तो उष्णता बाहेर टाकतो मुख्यत्वे कानांच्या शिरांतून आणि भराभर श्वास घेऊन. हवा तिशीच्या वर गेली की त्याची तगमग सुरू होते, आणि तीस हा आकडा मे महिन्यात नागपुरात कित्येकदा पहाटेचा असतो. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची नोंद झाली. 2024 च्या मेअखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले. हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला, पण त्या दुपारी घराबाहेर पडलेल्या नागपूरकराला तो खुलासाच बिघडलेला वाटला असणार. अशा तापात अंगावर पोस्तिनाचा कोट घातलेली, पोटात पिल्लं असलेली सशीण काय करेल? खाणं टाकते, गर्भ जिरतात किंवा पडतात, क्वचित तीही जाते. कूलर लावलाच पाहिजे, पण तिच्यावर रोखून नव्हे. खोली गार झाली पाहिजे, गवत ओलं होता कामा नये. ओल्या गवताला बुरशी येते. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली तर सशीण आपण होऊन तिला टेकून पसरते. शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो. कूलरचा भरवसा मात्र पहिल्या पावसापर्यंतच. जुलैच्या दमट हवेत तो गारवा देत नाही, नुसता आवाज करतो. आणि मेअखेरच्या नवतप्यात दिवस भरणार असा जराही संशय असेल, तर घरातल्या माणसांनी हॉल सोडून सर्वांत थंड खोली सशिणीला द्यावी. पाहुण्यांसाठी आपण हे करतोच, आणि सशीण चहा मागत नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञाचा: जंगलात कोण त्यांची बाळंतपणं करतं? निसर्ग बघून घेईल. हे म्हणणाऱ्यानं दोन वेगळे प्राणी एक केले आहेत. नागपूरभोवतीच्या झुडपी जंगलात भेटतो तो आपला रानससा. तो बीळ खणत नाही, त्याची पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि कायद्यानं तो घरी पाळताही येत नाही. पिंजऱ्यातली पांढरी सशीण युरोपातल्या बीळवाल्या कुळातली. तिची पिल्लं उघडीवाघडी, आंधळी असतात, डोळे दहाएक दिवसांनी उघडतात. ती रानात असती तर तिनं त्यांच्यासाठी जमिनीत बीळ खणून आत केसांची गादी केली असती. मनीषनगरच्या तिसऱ्या मजल्यावर तिनं खणायचं काय? तिथे निसर्गाची जबाबदारी फ्लॅटमालकावर येते.

म्हणून बिळाऐवजी खोका. तिला आत वळता येईल एवढा, पुढची कड वीतभर उंच, आत कोरडं गवत किंवा धानाची तणीस. तारीख माहीत असेल तर तो अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवावा. फार आधी ठेवला तर ती त्याचा संडास करते, आणि त्यात तिचा दोष नाही. वापराची सूचना कुणी लावलेली नसते. तारीख माहीत नसेल तर पहिलं गवत तोंडात दिसताच ठेवावा आणि घाण झाली तर बदलत राहावं. एक मोह मात्र वैदर्भीय माणसानं टाळायचा: कापूस. आपल्याकडे तो पिकतो, मऊ असतो, पण त्याचे धागे पिल्लांच्या पायांना गुंडाळले की पाय आवळतो. उपटलेले केस तिनं ज्या कामासाठी उपटले त्याच कामाला वापरू द्यावेत. आवराआवरीच्या भरात ते केरात टाकू नयेत.

एवढं करून सशीण गाभण नव्हतीच असं निघालं तर? खोका पुढच्या वेळी कामी येतो आणि गवत ती खाऊन टाकते. वाया गेली ती फक्त आपली उत्सुकता. उलट गाभण असून तयारी नसेल, तर उघड्या जाळीवर पडलेली पिल्लं नागपूरच्या जानेवारीत रात्रभरही टिकत नाहीत. दोन्ही पारडी अशी असताना पुरावा मागत बसणं हे न्यायाधीशाला परवडेल, पाळणाऱ्याला नाही.

राहता राहिला आरोपी. दुकानातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ या तोंडी हमीवर आणलेल्या जोडीपैकी एक बहुधा नर निघतो, कारण दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांत फरक ओळखणं सरावलेल्यालाही कठीण जातं. त्याला आजच वेगळ्या पिंजऱ्यात हलवावं, प्रसूतीची वाट पाहू नये. सशीण व्यायल्यापासून काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते, आणि तो त्या बाबतीत वेळेचा फार पक्का असतो. त्याची नसबंदी केली तरी नंतरचे चारेक आठवडे त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. फक्त वेगळं करताना घरातल्या लहान मुलांना हे समजवावं लागेल की राणीला शिक्षा झालेली नाही, आणि राणी हे नाव आता बदलावं लागेल.