अंगठा लागला, पोटाचं काय?

रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र अंगठा ओळखतं आणि पावती काढतं. अंत्योदय कुटुंबाच्या पावतीवर 35 किलो छापून येतं. पिशवीत किती पडलं, हे यंत्राला कळत नाही. जिल्ह्याच्या पडद्यावर मात्र त्या घरात धान्य पूर्ण पोहोचलेलं असतं.

याला आपण देखरेख म्हणतो.

2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं ग्रामीण भागातल्या 75 टक्के लोकांपर्यंत धान्याचा हक्क नेला. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला 35. त्याच कायद्याच्या 28 व्या कलमात सामाजिक अंकेक्षण आहे. 29 व्या कलमात दक्षता समित्या आहेत, राज्यापासून थेट दुकानापर्यंत. तुमच्या दुकानाच्या समितीत कोण कोण आहे? एक तरी नाव सांगता येईल?

आता अंगणवाडीत चला. खरी गोम तिथे आहे.

मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आलं. सेविका बाळाचं वजन घेते, उंची घेते, मोबाईलमध्ये भरते. बाळ सॅम (तीव्र कुपोषित) की मॅम (मध्यम कुपोषित), ते अ‍ॅप ठरवतं. पूर्वी वाढीचा तक्ता भिंतीवर असायचा, आईला बोट ठेवून दाखवता यायचा. आता आकडा मोबाईलमधून थेट वर जातो. आईच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर तोच तक्ता छापलेला असतो. तो भरलाय का, हे कोण बघतं?

आणि वर गेलेला आकडा तरी खरा आहे का?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 35.5 टक्के मुलं खुजी होती, 19.3 टक्के लुकडी. जून 2024 च्या पोषण ट्रॅकरमध्ये खुजी मुलं सुमारे 36 टक्के. लुकडी मात्र फक्त 6. खुजेपण जागच्या जागी आणि लुकडेपण एक तृतीयांशावर? सर्वेक्षण नमुन्याचं असतं, ट्रॅकर अंगणवाडीत नोंदलेल्या मुलांचा, हे मान्य. वर्षंही वेगळी. तरी एवढी दरी दिसल्यावर कुणी तरी काटे तपासायला निघायला हवं होतं.

काटा एकदम खोटं बोलत नाही, हळूहळू बोलायला लागतो. फितीचंही तसंच. दंडघेराची रेघ 11.5 सेंटिमीटरवर आहे. त्याखाली बाळ सॅम. फीत जराशी सैल धरली की 11.4 चे 11.6 होतात. बाळ तेच राहतं, यादीतून नाव जातं. नावासोबत त्याचा जादा आहारही जातो.

सेविका असं का करेल? करू नये म्हणून आपण काय केलं, हे आधी विचारा. सॅम बाळ सापडलं की तिला कागद वाढतात, फेऱ्या वाढतात, बैठकीत उभं करून जाब विचारला जातो. ज्या अंगणवाडीत एकही सॅम नाही, तिचं कौतुक. आजार शोधणाऱ्याला दटावायचं आणि मग आजार कमी झाला म्हणायचं, हा कुठला न्याय? बाळ शोधून काढणाऱ्या सेविकेचा सत्कार झालेला तुम्ही कधी पाहिलाय?

तिला दिलेल्या साधनांबद्दल तर बोलायलाच नको. 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारचे मोबाईल सरकारलाच परत केले. फोन गरम होत होते, बंद पडत होते, अ‍ॅपची भाषा तेव्हा इंग्रजी होती. मेळघाटातल्या बाईनं कोरकू बाळाची नोंद इंग्रजीत करायची, हे कुणाच्या सोयीसाठी होतं?

मग पाकीट. आहाराची पाकिटं घरी नेण्यासाठी वाटली जातात. वाटप किती, हा रकाना भरलेला. खाल्लं किती, हा रकानाच नाही. चव आवडली नाही म्हणून पाकिटं गुरांच्या आंबोणात गेल्याच्या तक्रारी या राज्यानं कितीदा ऐकल्या. घरी गेल्यावर एका आईला एवढंच विचारायचं होतं, ‘बाळानं खाल्लं का?’

तीन शब्द. त्याला अ‍ॅप लागत नाही.

हे जमतच नाही असं कुणी म्हणू नये. 2001 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’नं इतर संस्थांना सोबत घेऊन ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. गावातल्या माणसांनी घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले होते. ते सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. सरकारला समिती नेमावी लागली.

2007 पासून याच महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल रंग द्यायचा. लाल रंग घेऊन जनसुनवाईत जायचं आणि अधिकाऱ्याला समोर बसवून विचारायचं. ज्याच्या ताटाचा प्रश्न, त्याच्याच हातात तपासणीचा कागद. आदिवासी पट्ट्यात डॉक्टर वेळेवर यायला लागले, ते या प्रश्नांमुळे.

मग धान्य आणि आहाराच्या योजनांना हे सगळीकडे का लावत नाही? सल्लागार संस्थेचा गुळगुळीत अहवाल योजना संपल्यावर येतो. बाळाला दोन वर्षं थांबता येत नाही. पहिले हजार दिवस एकदाच येतात.

सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं. आहाराचंही व्हावं. मुलांची नावं नकोत, आकडे हवेत: किती मुलं काट्यावर चढली, किती सॅम निघाली, किती दिवस ताजा आहार शिजला, दुकानात किती पोती उतरली. आईनं ऐकलं की ती तिथल्या तिथे सांगेल, ‘हे चूक आहे.’ इतका जलद तपासनीस कुठल्याही खात्याकडे नाही.

2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाडी योजना सुरू झाली. 2 ऑक्टोबरला ग्रामसभाही असते. या वेळी जा. दक्षता समितीची यादी मागा आणि हे चार आकडे मोठ्यानं वाचायला लावा.