भुतांना चंद्रपूरची बदली नको

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या भयकथांनी मराठी वाचकाला रात्री पाणी प्यायला उठायची धास्ती लावली. पण त्यांचा एखादा कथासंग्रह घेऊन चंद्रपूरकर गच्चीवर बसला, की भुतांचीच पंचाईत होते.

पडका वाडा? इथे गोंडराजांचा परकोटच शहराला वेढून आहे, आणि त्याच्या जटपुरा गेटातून रोज भाजीच्या पिशव्या ये-जा करतात. अचानक गेलेला दिवा? उशाशी २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र असलेल्या गावाला अंधारात भूत नव्हे, लाइनमन आठवतो.

झुडपामागचे चकाकते डोळे? त्या केंद्राच्या आवारातच वाघ-बिबटे वावरतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका कामगाराचा वाघाने बळी घेतला. पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरणाऱ्या बाईला हडळीच्या उलट्या पावलांची काय मातब्बरी? तिला धडकी भरवणारे ठसे सरळच असतात.

ताडोबाची तर कथाच निराळी. आख्यायिका सांगते, की गावप्रमुख तारू वाघाशी झुंजताना मेला आणि तळ्याकाठी देव झाला. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान आलं. आता पाहुणे पैसे मोजून जिप्सीत बसतात आणि वाघ दिसला नाही तर गाइडवर डाफरतात.

तरी प्रकाशकांनी निराश होऊ नये. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या घरात गेला, की अंगात हुडहुडी भरवणारी कोणतीही वस्तू इथे खपते. फक्त मुखपृष्ठावर ‘वीजबिल येत नाही’ एवढं छापावं.